घरात थांबावी म्हणून आणलेली खेळणी

आमच्या गावात वाघ दिसला की माझ्या घरात एक खेळणं यायचं.

ऐकणाऱ्याला हसू येतं, पण आमचं तसंच चाललं होतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आधी खरखर व्हायची, मग आवाज यायचा, "नहराच्या पाळीवर वाघ दिसला हाये, सांजच्या पारी कोनी एकट्यानं जाऊ नोका, लेकरं घरात ठेवा." नहर म्हणजे कालवा. ते ऐकलं की मी शिलाई मशीनवरचा पाय काढायची, आधी लेक कुठे आहे ते बघायची आणि मग सावलीला, आमच्या तालुक्याच्या गावाला, नवऱ्याला फोन लावायची. तो तिथे एका कृषी केंद्रात कामाला आहे. त्या दिवशी तो मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घरी यायचा. पिशवीत कधी बॅटरीची गाडी, कधी दिवे लागणारा खोटा मोबाइल, कधी प्लास्टिकचं गुलाबी स्वयंपाकघर. चार वर्षांच्या पोरीला दिवस मावळायच्या आधीपासून आत थांबवायचं तर तिच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे, असं आमचं दोघांचं मत होतं. दुसरं काही सुचतही नव्हतं.

माझं माहेर वरोऱ्याचं. तिथे लहानपणी आम्हाला भीती दाखवायचे ती रस्त्यावरच्या ट्रकांची, आणि ट्रक निदान हॉर्न तरी वाजवतो. लग्न होऊन मी या धानाच्या मुलखात आले ते गावातल्या अगदी शेवटच्या ओळीतल्या घरात. पुढे छपरी, तिथे माझी मशीन. मधे एक खोली. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारातून बाहेर पडलं की सांदवाडी, म्हणजे घरामागचा वांगी-वालाचा तुकडा. त्याला काट्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात त्या थेट जंगलाला जाऊन टेकतात. दिवसा फार छान दिसतं. माहेरचे पाहुणे आले की फोटो काढतात आणि पाच वाजायच्या आत परतीची बस पकडतात.

मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर माझ्यामागे तो लग्नाआधीपासूनच होता, इकडे आल्यावर त्याला पट्टे फुटले. त्यात मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शेजाऱ्यांचा गोऱ्हा आमच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर मारलेला सापडला. मी बघायला गेले नाही. पण त्या दिवसापासून ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की मी दारं लावायच्या घाईला लागायची. गावातल्या लोकांना त्याची सवय झालेली. भोंगा वाजला की तंबाखू मळता मळता मान वळवून ऐकायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे. मला ती सवय झाली नाही. व्हावी असंही वाटत नव्हतं.

तर खेळणी वाढत गेली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथून सासूबाईही आणायच्या. त्यांची बाजू वेगळी होती. "आमच्या वक्ताले होतं का काई? दगडं-गोटे," त्या म्हणायच्या. "आता मिळून राह्यलं तं खेळू दे ना पोरीले." म्हाताऱ्या माणसांनी जुन्या साध्या खेळांचं कौतुक करावं आणि सुनेने प्लास्टिक आणावं, असं सगळीकडे ऐकते, आमच्या घरी सासूबाईंना प्लास्टिकचं वेड जास्त. गाणारी टोपी त्यांनीच आणली होती आणि पोरीआधी स्वतः घालून बघितली होती.

मधल्या खोलीत एक निळा टब होता, तो भरला. मग एक पोतं भरलं. आणि एवढं सगळं समोर असताना माझी लेक एका जागी बसायची नाही. टब पालथा करायची, हाताला येईल त्याचं बटण दाबायची, ते वाजायला लागलं की टाकून पुढचं उचलायची. सगळी बटणं दाबून झाली की छपरीत यायची. "आई, आता का करू?" ब्लाउजची एक बाही लागायच्या आत तिचा सगळा बाजार खेळून झालेला असायचा. मग ती मागच्या दाराकडे बघायची. पहिली गाडी आणली तेव्हा ती तिच्यात दोन संध्याकाळी रमली होती. शेवटी आणलेला हत्ती तिने पिशवीतून काढून पाहिला आणि विचारलं, "आखीन का आनलं?" मी यातून काय शिकावं? मी नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वेळी जरा मोठं काहीतरी आणा. तहान लागली म्हणून मीठ खावं तसला प्रकार.

आणि मला एक खोड लागली होती, जी तेव्हा फार सोयीची वाटायची. मी पोरीला कानांनी राखायची. मशीन थांबवायची, आतून गाणं ऐकू आलं की पुन्हा पाय मारायची. गाणं वाजतंय म्हणजे पोर आहे. डोळे शिवणीवर, कान आत. लग्नसराईत माझ्याकडे कपड्यांचे ढीग असतात, दर पाच मिनिटांनी उठून बघायला जाणं परवडत नव्हतं, आणि गाणं तर चालूच होतं.

कापणीचे दिवस होते. दिवस लवकर बुडायला लागला होता. सासूबाई शेजारी बाळंतिणीला बघायला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी हळद असलेल्या नवरीचा ब्लाउज माझ्या हातात होता, आणि आत फिरणारी बाहुली गात होती. ही बाहुली बटण बंद करेपर्यंत गोल फिरत एकच गाणं म्हणत राहते. मी मशीन थांबवायची, गाणं ऐकायची, पुन्हा शिवायची. लाल धागा संपला म्हणून उठले आणि खोलीत गेले.

खोलीत बाहुली एकटीच फिरत होती.

स्वयंपाकघरात गेले. मागचं दार उघडं. दाराला लागून प्लास्टिकची स्कूटर उभी, जी तिला घरातल्या घरात चालवायला आणली होती. कडी मुद्दाम वर बसवून घेतली होती मी, तिचा हात पोचू नये म्हणून. ती स्कूटरच्या सीटवर उभी राहिली होती. ज्या खेळण्यांनी तिला आत धरून ठेवायचं त्यातल्या एकावर चढून ती बाहेर गेली, आणि दुसरं तिच्या जागी गात बसलं.

मी हाक मारली. उत्तर नाही. सांदवाडीत उजेड होता, पण कसला, दहा पावलांवरचं वांग्याचं झाड आणि त्यामागे कोणी बसलं असेल तर दोन्ही एकच दिसावं असा. मी पुन्हा हाक मारली, या वेळी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कुंपणापलीकडे कापलेल्या बांधीत काहीतरी हललं. धसकटांतून खाली वाकून चालत जाणारं काहीतरी. ते काय होतं मला आजही माहीत नाही. कुत्रं असेल. नवरा म्हणतो कुत्रंच असेल. मी हाका मारत पुढे गेले.

ती तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगामागे होती. कुंपणाकडे पाठ करून उकिडवी बसलेली. हातात नारळाची करवंटी. धुण्याच्या दगडाजवळची ओली माती तिच्यात भरायची, उलटी करून थापायची, हलक्या हाताने करवंटी उचलायची. अशा मातीच्या वाट्यांची ओळ तिने कुंपणाच्या बुडापर्यंत नेली होती. ती कधीची तिथे होती कोण जाणे. मी एवढी ओरडत होते, तिने मान वर केली नव्हती. मी तिला दंडाला धरून उचललं, पाठीत एक धपाटा घातला आणि छातीशी धरून आत पळाले. दार लावलं, कडी लावली, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. ती रडत होती, मीही रडत होते, आणि आतल्या खोलीत ती बाहुली अजून गातच होती.

पुढे मी जे केलं ते काही बालसंगोपनाचा विचार करून केलं नाही, भीतीने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजणारं प्रत्येक खेळणं पोत्यात भरलं. चढता येईल अशी प्रत्येक वस्तू, स्कूटर, टब, गुलाबी स्वयंपाकघर, तीही भरली. उरलेल्यातलं बहुतेक मोडकं निघालं. नवऱ्याच्या हातून सगळं माळ्यावर टाकून घेतलं. त्याला राग आला.

"लेकराले घरात कोंडून ठेवतेस आन खेळनंबी काढून घेतेस. मंग तिनं करावं का?"

"मले तिचा आवाज आला पाहिजे," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मीही इकडचंच बोलायला लागले आहे. "गान्याचा नाई, तिचा."

सासूबाईंनी त्यांच्या टोपीबद्दल दोन दिवस अबोला धरला.

रिकाम्या खोलीत मी एक जुनं घमेलं आणून ठेवलं, त्यात माती, आणि ती करवंटी. बाहेर ज्यासाठी गेली होती तेच आत आणू, एवढंच डोकं चालवलं. "घरात चिखल कालवून राह्यली ही," सासूबाई अबोला सोडून म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं, सारवणं-पुसणं वाढलं. त्याखेरीज माझ्या कामातले मोठाल्या बटणांचे नग एका डब्यात घालून दिले, गिळता येणार नाहीत इतके मोठे निवडून, कारण ती भीती वेगळीच. आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा एक तुकडा. बस, एवढंच.

सुरुवातीच्या संध्याकाळी फार वाईट गेल्या. ती मागच्या दाराशी बसून रडायची. माळ्याकडे बोट दाखवून रडायची. मी मशीनवर बसून शिवत राहायची आणि वाटायचं, जाऊन सगळं खाली काढावं, एकाची चार आणून द्यावी. एकदा तर शिडी लावलीही होती. मग रडणं थांबून कुरकुर उरली, आणि कुरकुरीच्या जागी कंटाळा. कंटाळलेलं मूल बघवत नाही. आपणच त्याचं काहीतरी हिरावून घेतलं असं वाटतं, आणि मी तर खरंच घेतलं होतं. भोंगा मधेमधे वाजतच होता. तिला पुन्हा बाहेर जावंसं वाटेल या धास्तीने मी दर ओळीला उठून बघून यायची. नवरीचे ब्लाउज मागे पडले, बोलणी खाल्ली.

मग एका संध्याकाळी मी उठायच्या आत आतून आवाज आला. तिचा. ती कोणाशी तरी बोलत होती.

मी दाराआडून पाहिलं. जमिनीवर तिने खडूने एक चौकोन काढला होता, एका बाजूला फट ठेवून. चौकोनाबाहेर घमेल्याभोवती बटणं पसरलेली. एक बटण दुसऱ्याला सांगत होतं, "तू काऊन गेलती तिकडं? चाल घरी. भाजी झाली." दुसरं म्हणत होतं, "मी माती आनून राह्यली ना." दोघांचे आवाज वेगळे, रागही वेगळा. मी मशीनवर परत येऊन बसले आणि शिवत राहिले. ती बोलत राहिली. बाही लागली, दुसरी बाही लागली, हुक लागले, तरी ती बोलतच होती.

त्यानंतर मला उठायची गरज पडेनाशी झाली. खेळणी वाजत होती तेव्हा घर नुसतं भरलेलं होतं. आता खोलीत तीन-चार वस्तू आणि एक पोर, आणि ती पोर क्षणभर गप्प बसेना. रोज तीच बटणं, रोज वेगळी कहाणी. काल जे बटण डॉक्टरीण होतं ते आज म्हैस व्हायचं. करवंटी कधी विहीर, कधी बस. बस सावलीला जाऊन परत यायची आणि कंडक्टर सगळ्यांना ओरडायचा. शेजारच्या दोघी पोरी आल्या तरी एका घमेल्यात तिघींचे हात मावायचे. पूर्वी त्या आल्या की टबावरून ओढाओढी व्हायची आणि मला शिवण टाकून न्याय करायला जावं लागायचं. कमी खेळण्यांनी मुलं शहाणी होतात का, ते मला ठाऊक नाही. मला लहानपणी एकच बाहुली होती आणि मी किती शहाणी झाले ते माझ्या घरच्यांना विचारा. मला एवढंच दिसत होतं की तिचं आता तिथे काहीतरी काम होतं. ते अर्धवट टाकून तिला दाराकडे बघायला वेळ नव्हता.

माझी भीती मात्र होती तिथेच होती. ती माळ्यावर टाकता येत नाही. फक्त मला वाटायचं, निदान पोरीपर्यंत ती मी पोचू दिलेली नाही. आधी गाण्यांनी झाकली, आता खेळात झाकली जाते आहे. ती लहान आहे, तिला काय कळतं.

परवाचीच गोष्ट. दुपारी भोंगा वाजला होता, या वेळी आमच्याच बाजूच्या नहराचं नाव घेऊन. थंडीचे दिवस, अंधार भराभर पडतो. सासूबाईंना ताप म्हणून त्या लवकर निजल्या होत्या. सांदवाडीत वाळत घातलेलं गिऱ्हाइकाचं कापड राहिलं होतं, तेवढं काढावं म्हणून मी पटकन बाहेर गेले. दोरीवरून एक चिमटा काढते न काढते तोच दारातून आवाज आला.

"आई! काऊन उभी हायेस तिकडं? सांज झाली! अंदर ये!"

तो आवाज माझाच होता. तोच चढा सूर, शेवटी तीच कापरी ओढ. मी इतकी दचकले की कापड तसंच टाकून आत आले.

तिने माझा हात धरून मला खोलीत नेलं आणि चौकोनाशी बसवलं. चौकोनात लहानमोठी बटणं होती. तिने बाहेर पडलेलं एक निळं बटण उचललं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फटीतून आत नेऊन ठेवलं.

"ही तू," ती म्हणाली. "ही आजी, निजली. ही मी."

"आन हे?" मी विचारलं. दूर, उंबऱ्यापाशी, कोटाचं एक मोठं तपकिरी बटण एकटंच पडलं होतं.

"ते बाबा. बाबा अजून बाहेर हायेत."

नवऱ्याला त्या दिवशी उशीर झाला होता, फोन लागत नव्हता, आणि मी ते कोणाला बोलले नव्हते. पण ही रोज हेच खेळत होती. भाजी झाली, बस आली, म्हैस हरवली, सगळ्या कहाण्यांच्या शेवटी हिचं एकच काम असायचं, कोण आत आलं आणि कोण अजून बाहेर आहे ते बघायचं. आणि मी छपरीत बसून तिचा आवाज ऐकत होते, पोर रमली म्हणून खूश होत होते. ती काय बोलते आहे ते नीट ऐकलं नव्हतं.

मी उठून पुन्हा फोन लावायला निघाले, तशी तिने पदर ओढला. "बस ना इथी. मी पाहून राह्यली ना."

मी बसले. आम्ही दोघी त्या तपकिरी बटणाकडे बघत बसलो. तिने माझ्या मांडीवर हात ठेवला होता, तो थंड होता. केव्हातरी रस्त्यावर मोटारसायकल वाजली, वळणावर मंद झाली, छपरीपुढे येऊन बंद पडली. नवरा आत आला आणि दारातच उभा राहिला, आम्हाला असं गुपचूप बसलेलं पाहून. "का झालं?" त्याने विचारलं.

त्याच्या हातात पिशवी आहे का, हे तिने पाहिलंही नाही. उंबऱ्यापाशी गेली, तपकिरी बटण उचललं, चौकोनात नेऊन निळ्याच्या शेजारी ठेवलं. मग खडू घेतला आणि फटीवर रेघ ओढून ती बंद केली. दोनदा गिरवली.

"आता लाव, आई," ती म्हणाली.

मी उठून दाराची कडी लावली.